दोष क्लचचा नव्हता

कुसुमताई साठीला टेकल्यावर गाडी शिकल्या. गाडी सिग्नलला बंद पडली की शेजारी बसलेले दत्तोबा दरवेळी म्हणायचे, "अगं, क्लच हळू सोड." महिनाभर त्यांनी नवऱ्याचं ऐकून घेतलं. पण रविवारी सांगवीला लेकीकडे निघताना गाडी दारातच, न्यूट्रलला असताना बंद पडली.

"आता तर माझा पाय क्लचवर नव्हताच. तुम्हीच बसा बरं इकडे!"

दत्तोबांनी चावी फिरवली. इंजिन थरथरलं आणि गप झालं. ते पुन्हा चालू करायला लागले, तेव्हा कुसुमताईंनी बॉनेट उघडून कान लावला. चाकणच्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं पाइपांची गळती तपासली होती. सूंऽऽ असा बारीक आवाज त्यांनी लगेच ओळखला. एक रबरी नळी चिरली होती आणि तिथून इंजिनात जादा हवा शिरत होती. त्यांनी चिरेवर बोट दाबलं, तसं इंजिन एका लयीत चालू लागलं.

"बोट काढू नकोस!" दत्तोबा ओरडले.

"मग काय, सांगवीपर्यंत अशीच येऊ?"

दोघंही हसत सुटले. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने दहा मिनिटांत नवी नळी बसवली. पुढे एकाही सिग्नलला गाडी बंद पडली नाही. औंधच्या अलीकडे दत्तोबा हळूच म्हणाले, "छान चालवतेस गं."