गुलाबी नवरा, निळी बायको

फोटोग्राफर आठवडाभर पिवळा पडत चालला होता आणि ते त्याच्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं. कावीळ झालेल्याला सारं जग पिवळं दिसतं, एवढं वैद्यकशास्त्र त्याला ठाऊक होतं. त्याला तर भिंत पांढरीफटक दिसत होती. म्हणजे दोष ट्यूबलाइटचा. बायकोने दवाखान्याचा धोशा लावला, पण आपल्या पायांनी दवाखान्यात गेलेला माणूस तिथल्या खाटेवर अडकतो, ही त्याची पक्की समजूत. शेवटी डॉक्टरीणबाईंना व्हिडिओवर दाखवायचं, अशी तडजोड झाली.

ठरल्या वेळी तो आपल्या स्टुडिओतल्या स्टुलावर बसला. पडद्यावर स्वतःचा चेहरा पाहून मात्र चपापला. गिऱ्हाइकाचा असा फोटो त्याने कधी बाहेर जाऊ दिला नव्हता. सवयीचे हात काही विचारून हलत नाहीत. त्याने कॅमेऱ्याचा रंग थोडा सावरला, मग आणखी थोडा, आणि गाल गुलाबी झाल्यावरच डॉक्टरीणबाईंना जोडून घेतलं.

त्यांनी पापणी खाली ओढायला सांगितली. डोळे स्वच्छ आहेत म्हणाल्या. लघवीचा रंग विचारला, तेव्हा आपण पाणीच कमी पितो असं सांगून त्याने वेळ मारून नेली.

बायकोला हे कुठलं पटायला? जरा सरका म्हणत ती मध्ये डोकावली आणि डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच.

"यांचे ओठ कधीपासून निळे आहेत? बोलत बसू नका, आत्ताच्या आत्ता घेऊन या."

फोटोग्राफरने पडद्याकडे पाहिलं. निळा रंग कुठून आला ते त्याला कळलं होतं. त्याचे गाल गुलाबी करताना बाकीचं सगळं निळं पडलं होतं, भिंतसुद्धा. पण खरंच तिला काही झालं असेल तर? ज्या डोळ्यांना आठवडाभर स्वतःचं तोंड दिसलं नाही, त्यांचा काय भरवसा? त्याने अनवाणीच तिला टॅक्सीत कोंबलं.

"अहो, मी ठणठणीत आहे."

"ते तू नको ठरवूस. असल्या गोष्टी घरबसल्या कळत नाहीत."

दवाखान्याच्या दारात बायकोला चाकाच्या खुर्चीत बसवण्यात आलं. डॉक्टरीणबाईंनी तिचे ओठ, जीभ, नखं पाहिली, बोटाला यंत्र लावलं. सगळं चोख. मग त्यांची नजर खुर्चीमागे गेली.

"हे कोण?"

"हे मघाचे गुलाबी," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आडवं करून उजव्या बरगडीखाली दाबलं, तसा तो कळवळला. सर्दी असेल, जुनी गोळी चालू ठेवायची असेल, रिपोर्ट दाखवायचा असेल तर खुशाल फोन करा, त्या म्हणाल्या. रंग पाहायचा आणि पोट दाबायचं असेल तेव्हा माणूस समोर लागतो. आता आधी रक्त तपासू, मग ठेवून घ्यायचं की नाही ते बघू.

बायको खुर्चीतून उठली आणि हाताला धरून तिने त्याला तिथे बसवलं.

"फार पिवळा दिसतोय का गं?" त्याने हळूच विचारलं.

"नाही हो," ती म्हणाली आणि खुर्ची ढकलू लागली.