मागच्या सीटवर बसून बघा

मी टेस्ट ड्राइव्हची गाडी बोलतेय. लांबलचक, राखाडी, चार दारांची सेदान. शोरूमच्या काचेआड झगमगत उभी असायची ती माझी बहीण. मी बाहेर, गाड्या धुण्याच्या नळाजवळ.

दोन वर्षं माणसांनी मला बारा-बारा मिनिटं चालवलं. तेवढ्यात माणूस किती मूर्खपणा करू शकतो, ते मला विचारा. दार दोनदा आपटून "आवाज भक्कम आहे" म्हणणारे पाहिले. चाकाला लाथ मारून बघणारे पाहिले. लाथेने टायरचं काय कळतं, ते मला अजून उमगलेलं नाही. एकाला बॉनेट उघडून दाखवलं, तर तो बराच वेळ काच धुण्याच्या पाण्याच्या टाकीकडे बघत जाणकारासारखी मान डोलावत राहिला.

आमचा सेल्समन त्यांच्यावर कडी करणारा. त्याचा रस्ता ठरलेला. शोरूममधून डावीकडे, नव्या उड्डाणपुलावरून जायचं आणि तसंच परत यायचं. बाजारामागचा फुटका रस्ता जवळचा, पण तिकडे तो चुकूनही वळत नसे. "सर, तरंगल्यासारखं वाटतंय ना?" असं मात्र दर वेळी विचारायचा. त्या पुलावर हातगाडीसुद्धा तरंगली असती.

मग एक दातांचे डॉक्टर आले, सोबत त्यांचा मेहुणा. डॉक्टरांच्या हातात वही, मेहुण्याच्या हातात फोन. त्यांची तीन मोठ्या सेदानांची तुलना चालली होती. एक सहा सिलिंडरची, एक डिझेल आणि तिसरी मी. इंजिन, मायलेज, डिकी, पुढे विकताना येणारी किंमत, सगळ्याला दहापैकी गुण. गाडी किती आरामात चालते याचाही एक रकाना होता. तो दोघांनी पुढच्या सीटवर बसूनच भरून टाकला.

"चार सिलिंडर म्हणजे जरा..." मेहुणा म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं. माझं स्टिअरिंग हातात असताना या गृहस्थाने साठचा वेगही गाठला नव्हता. "आणि चाकं बघा ना, किती छोटी दिसतात. त्या सहा सिलिंडरवालीची कशी भरदार आहेत."

भरदार चाकांवर टायर पट्टीएवढा पातळ असतो आणि प्रत्येक खड्डा थेट बसणाऱ्याच्या मणक्यात जातो. पण हे त्याच्या फोनमध्ये लिहिलेलं नसावं.

तिसऱ्या खेपेला त्यांच्याबरोबर डॉक्टरांची आई होती. पाठीचं ऑपरेशन झालेलं, घरी एकटीला ठेवायला नको म्हणून आणलेली. कमरेमागे उशी घेऊन ती मागे बसली. पुलाच्या तोंडाशी येताच तिने पुढच्या सीटच्या पाठीवर बोटांनी टकटक केलं.

"त्या बाजारामागच्या रस्त्याने घ्या," ती म्हणाली.

"काकू, तिकडे रस्ता खराब आहे," सेल्समन म्हणाला.

"माहीत आहे. फिजिओकडे मी रोज तिथूनच जाते."

डॉक्टरांनी नाइलाजाने मला वळवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला खरं काम मिळालं. अर्धा रस्ता झाला आणि ती म्हणाली, "थांबव. आता मी चालवते."

"आई, तुझ्या सर्जनने तुला..."

"सहा आठवडे सांगितले होते. सोळा झाले."

या बाईने सव्वीस वर्षं ॲम्ब्युलन्स चालवली होती. मला ते तिने गिअर टाकला तेव्हाच कळलं असतं, पण तिने सांगितलंही. खड्डा चुकवण्यासारखा नसेल, तर ती पायरी उतरावी तशी त्यात हळूच उतरायची. "स्ट्रेचरवरच्या माणसाला रस्ता कळता कामा नये," ती म्हणाली. "बाकी गाडीत बघायचं काय असतं?" शोरूमपाशी येऊन तिने इंजिन बंद केलं. "हीच घे."

डॉक्टर लहान मुलाचं ऐकून हसावं तसे हसले. आठवड्याभरात त्यांनी सहा सिलिंडरची घेतली. वहीत तिला दोन गुण जास्त होते, आणि मेहुण्याच्या मते दवाखान्यासमोर ती जास्त शोभत होती.

सात महिन्यांनी नवं मॉडेल आलं आणि माझ्या काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी लागली. मग एके सकाळी डॉक्टरांची आई एकटीच आली, हातात काठी घेऊन.

"काकू, ती गाडी कशी चाललीय?" सेल्समनने विचारलं.

"छान. माझ्याशिवाय सगळ्यांना आवडते."

मला एक चक्कर मारून आणली आणि म्हणाली, "क्लचची पार वाट लावलीय लोकांनी." माझ्याविषयी कोणी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. पेन्शनच्या पैशातून तिने मला घेतलं आणि आधी क्लच बदलून घेतला.

घरी डॉक्टर चिडले. "दारात एवढी गाडी असताना दुसरी कशाला?"

"ती बघायची आहे. मी बसायची आणली."

तेव्हापासून मी तिच्याकडे आहे. डाव्या दाराला पोचा आहे, घड्याळ दहा मिनिटं मागे चालतं, इंजिन अजून चार सिलिंडरचंच आहे. तुमच्याकडून मला काही नको. फक्त गाडी घ्यायला जाल तेव्हा घरातल्या ज्याची पाठ दुखते त्याला मागे बसवा, वाईटातला वाईट रस्ता धरा आणि तोंड मिटून त्याच्या चेहऱ्याकडे बघा. पण तुम्ही चाकाला लाथच माराल, मला खात्री आहे.

परवा डॉक्टरांची गाडी सर्व्हिसिंगला होती. दुपारी आई त्यांना आणायला दवाखान्यात गेली. पुढच्या सीटवर तिची काठी आणि बाजाराच्या पिशव्या, म्हणून साहेब पहिल्यांदाच मागे बसले. बाजारामागचा रस्ता लागला तरी त्यांचं चालूच होतं. "आई, इंजिनच्या बाबतीत म्हणशील ना, तर शेवटी सहा सिलिंडर म्हणजे..."

पुढे काही आलंच नाही. तिने आरशात पाहिलं. मुलगा तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता.

घराचं वळण आलं. तिने मला वळवलं नाही. गिअर कमी केला आणि सरळ पुढे नेलं.