दोन रेघांखालचं उत्तर

"पुढं?"

जाफर सर एवढा एकच शब्द म्हणायचे. त्यात ना कौतुक असायचं, ना राग. कवठे महांकाळच्या कॉलेजातली मागची खोली, पत्र्यावर तडतडणारं ऊन, आणि फळ्यापाशी क्रांती, बोटं खडूनं पांढरी झालेली. तिनं गणिताची एक पायरी लिहिली की पाठीमागून आवाज यायचा, "पुढं?" पायरी चुकली तरी तेच, जमली तरी तेच.

सगळा वर्गच अडला तर सर खडू खाली ठेवायचे आणि ओवी म्हणायचे. चाल त्यांच्या आईच्या जात्यावरची, शब्द त्यांचे स्वतःचे. दोन पदांच्या गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढायचं, तर

पहिल्याला बसवा गं, दुसऱ्याला फिरवा
दुसऱ्याला बसवा मग, पहिल्याला फिरवा
मधी अधिकाचं बाई, तोरण मिरवा

"जात्याची खालची तळी हलती का? न्हाई. वरची फिरती, तवा पीठ पडतंय. हितंबी तसंच," सर म्हणायचे. मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या. पण बोर्डाच्या पेपरात त्याच मुली मनातल्या मनात जातं फिरवायच्या.

आता क्रांती स्वतः सांगलीत, विश्रामबागेत, बारावीच्या गणिताचे क्लास घेते. घराची पुढची खोली, सतरंजी, भिंतीला फळा. ओवी तशीच म्हणते. पोरं ती मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतात. आणि पोरांच्या पाठीमागं उभी राहून तीही एवढंच म्हणते, "पुढं?" सरांकडून आलेलं सगळंच ती जपून वापरत होती, आईच्या माघारी आईची भांडी वापरावीत तसं.

जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर हाती आले. क्लासमधली सृष्टी काठावर पाससुद्धा झाली नव्हती. क्रांतीनं तिचा पेपर उघडला आणि पानं उलटता उलटता तिचा हात थांबला. पायरीवर पायरी नीट रचलेली, खाली उत्तर, आणि त्या सगळ्यावर दोन आडव्या रेघा. पुढच्या पानावर तसंच. त्याच्या पुढंही. रेघांखालचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं.

"सृष्टी, हे खोडलंस का गं?"

"चुकलं असंल म्हणून."

"कुणी सांगितलं चुकलं म्हणून?"

सृष्टी सतरंजीचा दोरा ओढत बसली. मग मान वर न करताच म्हणाली, "बरोबर हाय, असं तरी कुणी सांगितलं? वर्षभर हितं बसले मी. मी लिवते, तुमी म्हणता पुढं. मला वाटायचं, चुकलंय, पण मॅडमना दया येतीय. म्हणून बोलत न्हाईत."

"अगं, मी सगळ्यांनाच तसं म्हणते."

"जयराजला म्हणता, तवा त्यो फुशारतो. मला म्हणता, तवा लिवलेलं खोडावंसं वाटतं." तिनं दप्तर आवरलं. "मी गणिताच्या पेपरला बसणार न्हाई, मॅडम. रविवारी साताऱ्याला जाऊन आप्पांना सांगणार हाय."

तिचे आप्पा, नाथाजी, फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्याला एका कारखान्यात सिक्युरिटीला होते. लेक इंजिनिअर होणार म्हणून त्यांनी गेटवरच्या चहावाल्यालासुद्धा सांगून ठेवलेलं. पोरीला सांगलीत मावशीकडं ठेवलं होतं ते त्याचसाठी.

क्रांतीच्या ओठावर 'बरोबर' हा शब्द आला होता. पण आत्ता म्हटला तर ती नुसती समजूत वाटेल. डोळे भरलेल्या पोरीला कुणीही काहीही म्हणतं.

"रविवारी मी पण येते," ती म्हणाली. "माझे सर साताऱ्यालाच असतात हल्ली, लेकीकडं. आधी त्यांच्याकडं जाऊ. मग आप्पांना काय सांगायचं ते सांग."

एसटीच्या खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर मागं पडत होते. पेठ नाका गेला तशी सृष्टी जरा बोलती झाली.

"तुमचे सर मारायचे?"

"छे. मारलं असतं तर बरं, असं वाटायचं." क्रांती हसली. "एकदा एक गणित कुणालाच सुटेना. मी उठले आणि पुस्तकात नव्हतं अशा वाटेनं सोडवलं. सर किती तरी वेळ फळ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आज तरी 'बरोबर' म्हणतील."

"मग?"

"म्हणाले, 'पुढं?' घरापर्यंत एक दगड लाथाडत गेले मी. निकालाचे पेढे घेऊन गेले, तर पेढा तोंडात टाकून काय म्हणावं? 'आता पुढं?'"

सृष्टी खुदकन हसली.

साताऱ्यात सरांच्या लेकीनं, फरीदानं, दार उघडलं. "अब्बा, बघा कोण आलंय! तुमची क्रांती."

सर गॅलरीत उन्हाला बसले होते. देह वाळला होता, आवाज चाळणीतून आल्यासारखा बारीक झाला होता. "ये गं. आन ही कोण?"

"माझ्या क्लासची. हिला गणित सोडायचंय."

"सोडायचंय? मग च्या पिऊन सोड की. उपाशीपोटी कशाला?"

सृष्टी लाजून फरीदाच्या मागं स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात क्रांतीनं विचारून घेतलं. इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं. "सर, तुम्ही कधीच कुणाला 'बरोबर' का म्हणाला नाहीत?"

"बरोबर म्हटलं की पोरगं पेन टाकून खिडकीतनं बघाया लागतंय. आन परीक्षेत शेजारी कोण बसतंय व्हय बरोबर म्हणायला? ज्याचं त्याला कळाया पायजे."

"आणि ज्याला कळायच्या ऐवजी नुसती भीतीच लागते, त्यानं काय करायचं?"

सर समोर अजिंक्यताऱ्यावर चढणाऱ्या उन्हाकडं वळले.

चहा झाला. सरांनी कॅलेंडरचं जुनं पान मागून घेतलं आणि कोरी बाजू सृष्टीपुढं सरकवली. "एक्सचा वर्ग गुणिले साइन एक्स. इंटिग्रेशन कर."

सृष्टीनं क्रांतीकडं बघितलं. पूर्वपरीक्षेत तिनं खोडलेल्यांतलंच हे एक होतं. तिनं पेन उचललं. पहिली पायरी झाली.

"पुढं?"

दुसरी झाली. गणित लांबतं तिथं ती अडखळली, तशी नकळत ओठांत पुटपुटली, पहिल्याला बसवा गं. सरांचं बोट खुर्चीच्या हातावर चालीत फिरू लागलं. एक पद आलं, त्याच्या पाठोपाठ दुसरं, तिसरं, आणि शेवटी अधिक सी. पेन थांबलं. सृष्टीनं वर बघितलं. सरांचा चेहरा कोरा.

"पुढं?"

पुढं काहीच नव्हतं. गणित संपलं होतं. पण सृष्टीचं पेन हळूच उत्तराच्या डाव्या टोकाशी गेलं आणि पहिली रेघ कागदावर टेकली.

"खोडू नको!" क्रांतीचा आवाज तिच्या स्वतःच्याच कानाला मोठा वाटला. समोर सर बसले होते, तरी ती थांबली नाही. "बरोबर आहे ते. पहिल्या पायरीपासून बरोबर आहे. आणि पेपरात खोडलंस, तेही सगळं बरोबर होतं."

सृष्टीनं क्रांतीकडं बघितलं. "सगळं?"

"सगळं."

तिनं ते उत्तर पुन्हा वाचलं, दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. मग टेकलेली रेघ तशीच पुढं नेली, पण उत्तराच्या कडेकडेनं, चारी बाजूंनी फिरवून आणली. उत्तराभोवती चौकट झाली. थोडी वाकडी.

"मॅडम," ती म्हणाली, "हॉल तिकीट कॉलेजातनं कवा मिळतंय वो?"

फरीदा मोठ्यानं हसली. क्रांतीनं भीत भीत सरांकडं बघितलं. त्यांची शिस्त तिनं त्यांच्याच दारात मोडली होती. सरांनी कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला, चौकटीवरून अंगठा फिरवला. मग तो मांडीवर ठेवून क्रांतीकडं बघत राहिले, कधीकाळी फळ्याकडं बघत राहिले होते तसे.

"क्रांती," सर म्हणाले, "तवाचं तुजं फळ्यावरचंबी बरोबर हुतं, पोरी. लय बरोबर हुतं."