खिरीमागची म्हैस

लासुर्ण्याच्या विहारात बुद्धपौर्णिमेच्या सकाळी सतरा वर्षांची मेघना पहिल्यांदाच गाऊन प्रवचन करणार होती. पेटीवर तिच्या गुरू मालनबाई. त्यांनी आधीच बजावलं होतं, "आज जमलं तर सांजच्याला इंदापूरच्या सभेत तू गायचं. न्हाय जमलं तर नुसतं टाळ्या वाजवायला चल."

विषय होता कृतज्ञतेचा. आठवडाभर मेघनानं विहारातल्या पोरांना एकच धडा दिला होता: खीर तोंडात घालायच्या आधी ती कुणामुळं मिळाली ते शोधायचं, आणि त्याला जाऊन हात जोडून 'साधू', म्हणजे 'भलं केलंस', म्हणायचं. मधेच थांबायचं नाही, पार मुळापर्यंत जायचं.

पोरांनी हे जरा जास्तच मनावर घेतलं.

प्रवचन रंगात आलं, कथेतली सुजाता बुद्धांसाठी खिरीचं पातेलं घेऊन निघाली, तोच दारात गलका झाला. पुढं आठ वर्षांचा बुद्धभूषण, मागं पोरांची पलटण आणि मधोमध दूधवाल्या बादशाहभाईंची म्हैस! गळ्यात झेंडूचा हार, शिंगांना निळी रिबीन.

"अरं, हे काय?" मेघनाचा सूर पार पळाला.

"चाचा म्हणलं, माझं कसलं आभार, दूध ती देती," बुद्धभूषण धापा टाकत म्हणाला. "आन् तूच म्हणलीस, मधी थांबायचं न्हाय."

दाव्याला लोंबकळत बादशाहभाई आत आले. "ताई, मी नगं म्हणत हुतो! पर हिलाच लई हौस!"

म्हशीनं हाराचा एक घास घेतला आणि अशी काही रेकली की पेटीबरोबर खर्जच लागला. मेघनाला हसू आवरेना. कडवं विसरलं, इंदापूर गेलं! मग हसत हसतच तिनं समोर होतं तेच गायला घेतलं.

"खीर कुणामुळं?"

"दुधामुळं!" पोरं ओरडली.

"दूध कुणामुळं?"

"म्हशीमुळं!"

म्हैस वैरणीमुळं, वैरण पाटाच्या पाण्यामुळं, पाट खणणाऱ्या हातांमुळं... ढोलकी उधळली, म्हातारेकोतारे टाळ्या देत डोलायला लागले.

"आन् तुजा आवाज कुणामुळं?" बुद्धभूषणानं विचारलं.

मेघना थबकली. चार वर्षं रोज सूर घोटून घेणाऱ्या बाईला तिनं एकदाही साधू म्हटलं नव्हतं! ती धावली आणि मालनबाईंच्या पायाशी वाकली. "साधू, मालनआत्या."

भाता हलवायचा सोडून मालनबाई पदरानं डोळे पुसत राहिल्या.

"ऊठ गं. पाचच्या एस्टीनं निघायचं हाय, तुला गायचं हाय. म्हशीला मातुर हितंच ऱ्हाऊ दे, तिचा खर्ज माज्या पेटीला झेपत न्हाय."