यमाजीच्या छातीतला मी

मित्रांनो, मी एक थकलेलं हृदय बोलतोय. निमगाव सावाच्या यमाजीच्या छातीत चौसष्ट वर्षं राहतोय. यमाजी मेंढ्यांमागे डोंगर चढायचा, तेव्हा त्याच्या पायांना लागेल तेवढं रक्त मी विनातक्रार पोचवायचो. बाकीचे मेंढके म्हणायचे, यमाजीला दम कसा तो लागत नाही. ती मला माझीच शाबासकी वाटायची.

माझा एक सोबती होता, नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरात कणाकणानं तयार होतो आणि लगेच विरून जातो. त्याच्यामुळे वाहिन्या सैलावतात. दोन ठोक्यांच्या मध्ये माझा स्नायूही सैल पडतो आणि मी रक्तानं भरून घेतो.

चार वर्षांपूर्वी मेंढ्या महाळुंगे पडवळच्या शिवारात खतासाठी बसवल्या होत्या. तिथं एका सकाळी माझी एक रक्तवाहिनी बंद पडली. यमाजीनं छातीतली कळ पित्तावर ढकलली आणि सोडा प्याला. त्याची बायको ठकूबाई दवाखान्यात चला म्हणून मागे लागली.

"मेंढ्या कुनाच्या जिवावर सोडू?" एवढंच तो बोलला आणि चालू लागला. त्या दिवशी माझा एक भाग कायमचा मेला.

उरलेला भाग वर्षभर ताणत गेला. यमाजीच्या पायांवर सूज आली, चपलेचे पट्टे रुतू लागले. शेवटी ठकूबाईनं त्याला ओतूरला डॉक्टर मोहिनीबाईंकडे नेलं. हृदय अशक्त झालंय, असं त्यांनी मला यंत्राच्या पडद्यावर पाहून सांगितलं. मग त्यांनी माझ्या त्या सोबत्याबद्दलही सांगितलं: अशा आजारात वाहिन्यांच्या अस्तरात तो वायू पुरेसा बनत नाही, म्हणून त्या आवळून राहतात. उलट आजारी स्नायूत तो कधी कधी नको तेवढा बनतो, आणि मग शरीरानं कितीही हाक दिली तरी हृदय जोरानं आवळत नाही.

"मंग तेवढा जास्तीचा काढून टाका की, बाई," ठकूबाई म्हणाली.

"संशोधकांनी तसं करून पाहिलंय, मावशी. म्हणावा तसा उपयोग झाला नाही."

त्यांनी दिलेल्या गोळ्यांतली एक गोळी शरीरात हाच वायू सोडायची. वाहिन्या सैलावून माझ्यावरचा भार उतरायचा. धापेमुळे बसून रात्र काढणारा यमाजी पुन्हा उशीला डोकं टेकून झोपू लागला. पाच महिन्यांनी त्याला वाटलं, आपण बरे झालो. तो रोज गोळ्या गुपचूप बांधापलीकडे टाकून कळपामागे जाऊ लागला. तीन आठवड्यांत त्याच्या फुप्फुसांत पाणी भरलं. दवाखान्यात पाणी उतरलं, पण माझा गेलेला जोर परतला नाही. तो परतणारही नाही, हे मोहिनीबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

आता मेंढ्या मेहुणा मच्छिंद्र राखतो. यमाजी खाटेवर बसून असतो. परवा ठकूबाई त्याच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवत होती. त्यानं विचारलं, "त्याच दिशी दवाखान्यात गेलो असतो, तर?"

हात न थांबवता ती म्हणाली,

"काळीज लई वाचलं असतं, म्हनल्या व्हत्या बाई. तुमाला सांगितलं न्हाई."

यमाजीनं पाय जवळ ओढून घेतले. मी जोर लावून पाहिला, पण तेवढ्यानं लागलेली त्याची धाप काही थांबली नाही.

मित्रांनो, घरात कुणाच्या छातीत कळ आली तर सोडा देत बसू नका, लगेच गाडी बोलवा. चालू असलेली गोळी मनानं बंद करू देऊ नका. माझ्यासाठी आता काही करण्यासारखं उरलेलं नाही. तुमच्या माणसांच्या छातीत मात्र अजून धडधाकट हृदयं आहेत.