जोडीची यादी

सोमवारी सकाळी कॉरीन वोझ्नियाकच्या फोनवर ईमेल आला. त्यात कामाचं वाक्य एकच होतं: तुम्हाला जागा मिळालेली नाही. पलंगाच्या दुसऱ्या कडेला थेरन बसला होता, त्याच्या फोनवरही अक्षर न् अक्षर तेच. चार वर्षं मिलवॉकीच्या मेडिकल कॉलेजात दोघांनी मान मोडून अभ्यास केला, परीक्षा दिल्या, पास झाले. मे महिन्यात नावामागे डॉक्टर लागणार हे ठरलेलं. पण नुसतं डॉक्टर लावून काय करता? रेसिडेन्सीला, म्हणजे पुढच्या काही वर्षांच्या पगारी प्रशिक्षणाला, कुठल्यातरी रुग्णालयाने घेतल्याशिवाय साध्या खोकल्याचं औषध लिहून द्यायची सोय नाही, आणि घेतलं तर कुणीच नव्हतं. कॉरीनने ईमेल परत वाचला. मग थेरनचा मागून घेतला आणि तोही वाचला.

थेरन ब्लेडसोचं एक वेळ समजण्यासारखं होतं. त्याला हाडांचा सर्जन व्हायचं होतं. त्या जागांसाठी नुसती मारामारी, याचे गुण बेताचे, मुलाखतीला बोलावणारेही मोजकेच. पण कॉरीन? तिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं, गुण उत्तम, मुलाखतीला गेली तिथे माणसं खूश होऊन निरोप देत होती. ती कशी राहिली? वर्गात मात्र कुणी असं विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की ही दोघं जोडीने उतरली होती.

एरवी प्रत्येक जण हव्या त्या रुग्णालयांची क्रमवार यादी देतो, रुग्णालयं आपली देतात, आणि संगणक जागा वाटतो. जोडीने उतरायचं म्हणजे दोघांच्या याद्या एकमेकींना बांधायच्या. पहिल्या ओळीत तिचं शिकागोतलं रुग्णालय आणि त्याचंही शिकागोतलं, दुसऱ्या ओळीत मिनिआपोलिस आणि मिनिआपोलिस, असं खालपर्यंत. संगणक अख्खी ओळ बघतो. एकाचं जमलं आणि दुसऱ्याचं नाही, की ओळ बाद. म्हणून शहाणी जोडपी यादीच्या तळाला काही ओळी अशाही घालतात की एकाला जागा आणि दुसरा रिकामा, म्हणजे निदान एक तरी तरतो. कॉलेजच्या डीन फॅरलीबाईंनी फेब्रुवारीत दोघांना समोर बसवून हेच सांगितलं होतं. बाई तोंडावर बोलणाऱ्या. तुमच्या प्रेमाच्या आड मी येत नाही, म्हणाल्या, पण तळाला त्या ओळी घाला. दोघांनी माना डोलावल्या, घरी आले, पास्ता खाल्ला आणि ओळी घातल्या नाहीत.

का नाही घातल्या? सोमवारपासून कॉरीनचं डोकं इथेच अडकलं होतं. “असली ओळ लिहायचीच नाही” असं कोण म्हणालं होतं? कधी तिला वाटे, आपणच म्हणालो, मोठ्या तोऱ्यात. कधी वाटे, छे, थेरन म्हणाला आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून आपण गप्प बसलो. पास्त्यावर चीज जास्त झालं होतं हे स्पष्ट आठवत होतं. बोलणं तेवढं आठवेना. आणि थेरनला विचारायची तर सोयच नव्हती. विचारलं की त्याचा अर्थ एकच झाला असता, की माझं वाटोळं तुझ्यामुळे झालं.

त्यात वेळ कुणाला होता? ज्यांना जागा नाही मिळाली त्यांच्यासाठी उरलेल्या जागांची फेरी त्याच आठवड्यात असते. अर्ज करायचे आणि फोनकडे बघत बसायचं. आपण होऊन रुग्णालयाला फोन करायची बंदी. आणि या फेरीत जोडीबिडी काही नसते, ज्याचं त्याने बघायचं. सल्ला देणारे मात्र चोहीकडून. एक मैत्रीण म्हणाली, मिळेल ते पदरात पाडून घे. दुसरी म्हणाली, खुळी की काय, वर्षभर संशोधन कर आणि पुढच्या मार्चला एकटी उतर. फॅरलीबाई म्हणाल्या, आपापले अर्ज आपापल्या खोलीत भरा. थेरन म्हणाला, तुला जे बरं वाटेल ते कर. हे वाक्य तो दिवसातून इतक्यांदा म्हणे की कॉरीनला एकदा वाटलं, आता हा परत म्हणाला तर उशी फेकून मारावी. आपल्याला काय बरं वाटेल हेच तर तिला कळत नव्हतं!

मंगळवारी तिच्या वडिलांचा फोन आला. लेस वोझ्नियाक आयुष्यभर शहराच्या दक्षिण भागात लोकांच्या तळघरांतल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करत आलेला माणूस. त्याला वाटलं, पोरगी नापास झाली. तिने सांगितलं, नाही, पास झाले. मग डॉक्टर झालीस ना? झाले. मग काम का नाही? तिने जोडी, यादी, संगणक असं सगळं समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, आणि ऐकून झाल्यावर त्याने परत विचारलं की नेमक्या कुठल्या विषयात राहिलीस. बिचाऱ्याची वेगळीच पंचाईत झाली होती. शुक्रवारी कोणाला कुठे जागा मिळाली ते जाहीर होणार, म्हणून त्याने त्या संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांच्या जेवणाचं लांब टेबल राखून ठेवलं होतं आणि सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. ते आता ठेवू की सोडू, असं तो विचारत होता. माहीत नाही, असं ती म्हणाली. बरं, ईस्टरआधीचा उपासाचा शुक्रवार आहे, मटण-चिकन चालत नाही, मासा तर मी तसाही खाणारच, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या दोन दिवसांत कॉरीनला तीन ठिकाणांहून मुलाखतीचे फोन आले. थेरनला एक, आणि तोही बोलता बोलता मध्येच आटोपता घेतलेला.

गुरुवारी सकाळी रुग्णालयं पहिल्या जागा देऊ करणार होती. एका टेबलाशी बसून एकमेकांची तोंडं बघणं कॉरीनला सोसेना, म्हणून ती फोन घेऊन न्हाणीघरात गेली आणि टबाच्या काठावर बसली. वेळ झाली आणि पडद्यावर ओळ उमटली. पश्चिम टेक्सस. लहान मुलांचा विभाग. मंगळवारी जिच्याशी बोलताना दोघी हसत सुटल्या होत्या ती डॉक्टरीणबाई तिथलीच. घेणार की सोडणार ते दोन तासांत कळवायचं होतं, आणि एकदा होकार दाबला की माघार नाही.

फेब्रुवारीत एक ओळ लिहायला जिचा हात उठला नव्हता, तिच्या अंगठ्याने आता विचार म्हणून केला नाही. दाबलंच. फोन हातातून निसटू नये एवढीच काळजी तिला त्या क्षणी होती. आणि आनंद झाला हो तिला, अगदी निखळ आनंद झाला, कुणाला मिठी मारावी असा. मग दाराबाहेर थेरनच्या खुर्चीचा आवाज आला आणि तिला स्वतःची शरम वाटली.

बाहेर आली तेव्हा थेरन लॅपटॉपसमोर बसून होता. त्याला काही आलं नव्हतं. तिने सांगितलं, मला टेक्ससची आली. पुढचंही सांगणारच होती, अगदी ओठांवर होतं. पण त्याने विचारलं, किती वेळ आहे? आणि ती म्हणाली, दोन तास.

आता बघा, हे खोटं होतं का? दोन तास खरोखरच होते. पण तिच्यापुरते ते संपले होते, हे तिला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

थेरनने अंडी केली, टोस्ट जाळले, आणि तिला समजवायला लागला. टेक्सस लांब आहे पण विमानं आहेत. तीन वर्षं काय, बघता बघता जातील. मी पुढच्या वर्षी तिकडेच प्रयत्न करीन. ती ऐकत होती. मध्येच, पण तुझं काय, असंही विचारत होती, आणि गंमत म्हणजे विचारताना तिला ते मनापासून वाटत होतं. घेतलेल्या जागेबद्दल घेऊ की नको म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. असं होतं का कुणाचं? तिचं झालं खरं. घटकाभराने तिला खरंच कळेना की आपण होकार दाबलाय की दाबल्याचा भास झालाय.

“फेब्रुवारीत मीच म्हणायला हवं होतं, घाल ती ओळ म्हणून,” थेरन ताटलीकडे बघत म्हणाला. “मी वाट बघत होतो तू म्हणशील. म्हणाली असतीस तर मी लगेच हो म्हणालो असतो.”

“मग ‘नको’ कोण म्हणालं?”

“कुणीच नाही. तू चीज पुढे सरकवलंस आणि आपण दुसरंच बोलायला लागलो.” त्याने ताटली बाजूला सारली. “तू काही बोलली नाहीस त्याचं मला बरं वाटलं, कॉरीन. आणि तुझा रागही आला. आता माझ्यामुळे ही बुडणार, हे त्याच रात्री मला दिसत होतं.”

कॉरीनला रडू फुटलं. त्याला वाटलं, ही माझ्यासाठी जागा सोडायला निघालीय. तो उठला, खुर्ची तिच्या शेजारी ओढून बसला आणि त्याने तिचा हात हातात घेतला.

“आण तो फोन. दोघं मिळून दाबू. यादी जोडीने केली ना? मग हेही जोडीने.”

ती हलली नाही. फोन टेबलावरच होता. त्याने तिच्यापुढे धरला, तिचा चेहरा ओळखून फोन आपोआप उघडला, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं थेरनने वाचलं: स्वीकारली. खाली वेळ दिलेली होती. त्याने ती वेळ वाचली, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग शेगडीवरच्या अंड्यांच्या तव्याकडे.

“मी सांगणार होते,” ती म्हणाली. “बाहेर आले तेव्हाच.”

थेरनने फोन टेबलावर ठेवला, अगदी हळू. सोमवारपासून त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते, ते खाली आले. सुटका झाल्यामुळे आले की तो खचला म्हणून, हे तिला काही ठरवता येईना.

तेवढ्यात फोन वाजला. लेस होता. हॉलवाले आकडा मागताहेत, म्हणाला, उद्या तुम्ही येताय की नाही, आणि किती जण धरू? कॉरीनने फोनवर हात ठेवला.

“डॅड विचारतोय, उद्या तू येशील का?”

थेरन हसला. त्या आठवड्यात तो पहिल्यांदाच हसत होता.

“आता विचारतेस?”

हे तो प्रेमाने म्हणाला की टोचून, ते तिला कळलं नाही. तो उठला आणि तवा घासायला लागला. तिकडून लेस विचारत होता, पोरी, आहेस ना, किती सांगू? कॉरीनने थेरनच्या पाठीकडे बघितलं, थोडी वाट बघितली, आणि दोन म्हणून सांगितलं. थेरनने नळ बंद केला नाही, पण नाहीही म्हणाला नाही.