मेकाँगवरचा पूल

२००४ साली लासलगावच्या एका निर्यातदाराने उज्वला गांगुर्डेला कांद्यासोबत थायलंडला पाठवलं. तिथून ट्रक मेकाँग नदीवरचा पूल ओलांडून लाओसला जायचा होता. एकमेकांचे ट्रक सोडायचे, असा करार त्या देशांनी नुकताच केला होता.

ट्रक मात्र पुलावर अडवला. "करार झालाय," तिथला अधिकारी शांतपणे म्हणाला, "पण परवान्याचे फॉर्म अजून छापून आले नाहीत."

चार दिवस तिने त्या कचेरीत हेलपाटे घातले. ताडपत्रीखाली कांदा सडला, गोण्यांतून पाणी गळू लागलं. शेवटी तिने तो नदीकाठी खड्ड्यात पुरून घेतला.

परतल्यावर मालकाने वर्तमानपत्राचं कात्रण तिच्यापुढे टाकलं. त्यात हस्तांदोलन करणारे मंत्री हसत होते.

"रस्ता खुला झालाय, वाचा. मग ट्रक अडलाच कसा? तुम्हीच चुकलात."

"साहेब, मी तिथे उभी होते."

त्याने राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला. तिने सही केली.

बाहेर तिच्या जागी नेमलेला सोमनाथ पुढच्या मालासोबत निघायच्या तयारीत होता. "ताई, तिकडं रस्ता कसा हे?"

"एकदम गुळगुळीत," ती म्हणाली आणि चालू लागली.